जेवायचं बोलावणं

मी मुळातच भित्री. पालीला भिते, पोलिसाला भिते, शिंगं हलवणाऱ्या कुठल्याही जनावराला भिते. ट्रक दहा कोसांवर इचोड्याला असला तरी ही बाई आदिलाबादला रस्ता ओलांडायची थांबते, असं आमचे हे चारचौघांत सांगतात आणि लोक हसतात. हसू द्या. पण सगळ्या जन्मात मी सर्वांत जास्त भ्याले ती एका एसी हॉटेलात, भर दुपारी, पनीरच्या भाजीसमोर.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं माहेर भीमपूरकडचं, कापूस-ज्वारीचं गाव. सासर आदिलाबादला. पुढं किराणा दुकान, मागं घर. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. लग्नाला चार-पाच वर्षं होऊन गेली होती आणि मूल झालं नव्हतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या घरात मात्र रोज त्याला शेजारी घेऊन जेवायला बसावं लागे.

आमच्या माहेरी एक रीत होती. लेकीच्या घरचं आईबाप खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. तिला दिवस गेले, की सासरचे जेवायचं बोलावणं धाडतात. मग आई चोरओटी घेऊन येते, म्हणजे तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरायची ओटी. आणि त्या दिवशी बाप लेकीच्या घरी पहिल्यांदा पानावर बसतो. सासरी ही रीत केव्हाच सुटली होती. मामाजींना तर ती अडाणीपणाची वाटे.

बाबा बाजाराला आले की नव्या ज्वारीचं पोतं घेऊन दुकानाशी यायचे आणि बाहेर पायरीवरच टेकायचे. ऊन मी म्हणत असायचं. तहान लागली की समोरच्या चहावाल्याकडं जाऊन पाणी प्यायचे. मामाजी गल्ल्यावरून टोमणा मारायचे, "व्याहीबुवा, आमच्या पाण्यात काय फवारणीचं औषध टाकलं आहे का?"

बाबा हसून म्हणायचे, "नातवाची खबर येऊ द्या भाऊ. मंग रांजणासगट पितो!"

मी आत तांदूळ निवडत ऐकायची. पहिल्या वर्षी मलाही हसू यायचं. नंतर बाबांनीच ते वाक्य बोलणं सोडून दिलं. मामाजींनी कितीही डिवचलं तरी नुसते हसायचे, फेटा सारखा करायचे आणि चहावाल्याकडं चालू लागायचे. ते बघून मला रडू यायचं.

एका दुपारी मी दुकानामागच्या खोलीत डाळीला ऊन दाखवून पोत्यात भरत होते. पलीकडं मामाजी आणि आत्याबाई बोलत होते. मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"त्याहीले बलावून सांगून टाका आता," आत्याबाई म्हणाल्या. "किती दिस वाट पाहाची?"

"घरी नको," मामाजी म्हणाले. "घरी रडारड होते. त्या नव्या एसी हॉटेलात बोलावतो. चार लोकांत कोणी आवाज चढवत नाही. इज्जतीनं सांगतो, पोरीला काही दिवस माहेरी राहू द्या. पुढचं पुढं पाहू."

पुढचं काय ते मला माहीत होतं. निर्मल गावाकडच्या एका मुलीच्या केसांचं कौतुक आत्याबाईंच्या तोंडून मी अलीकडं दोनदा-तीनदा ऐकलं होतं. दुसऱ्याच्या पोरीचे केस कोणी उगाच मोजत नाही. माझ्या हातातलं माप डाळीत तसंच राहिलं. नवऱ्याला विचारावं असं शंभरदा मनात आलं. पण विचारलं आणि 'हो, मला माहीत आहे' म्हणाले तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणून मी गप्प राहिले. भित्र्या माणसाचा हिशेब असाच असतो.

दोन दिवसांनी आमच्या गावचा एक माणूस कापूस घेऊन मार्केटला आला होता, तो दुकानात टेकला. मामाजींनी त्याच्याजवळ निरोप दिला, "व्याह्यांना सांग, येत्या आइतवारी जेवायला बोलावलं आहे. दोघांनीही यायचं. मोठ्या हॉटेलात जेवण आहे म्हणावं."

तो माणूस एकदम हसला. दारातल्या माझ्याकडं बघून आणखी हसला. "सांगतो ना जी! आत्ता जाऊन सांगतो!" म्हणाला आणि चहाही न घेता उठला. त्याला एवढं काय झालं ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

आइतवारी आम्ही चौघं बसस्टँडवर गेलो. आरटीसीची बस लागली आणि आधी बाबा उतरले. डोक्याला लग्नाकार्यातला गुलाबी फेटा. त्यांच्यामागं माय उतरली. अंगावर घडीचं लुगडं, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं गाठोडं. गाठोड्याच्या फटीतून नारळाची शेंडी वर आली होती आणि खाली हिरव्या खणाचा काठ दिसत होता.

ते बघितलं आणि सगळं माझ्या लक्षात आलं.

मामाजींनी 'जेवायला या' म्हटलं होतं. त्यांच्या लेखी ते साधं आमंत्रण; हॉटेल म्हणजे काही घर नव्हे. आमच्या गावात त्या शब्दांचा एकच अर्थ होतो, आणि तो निरोप्या माणूस तोच अर्थ घेऊन हसत गेला होता. सगळ्या आळीनं ऐकलं असणार. बायांनी मायच्या हातावर साखर ठेवली असणार. आणि ही दोघं चोरओटी घेऊन, फेटा बांधून, लेकीच्या घरचा पहिला घास खायला आली होती. त्यांना बोलावणारे मात्र लेक परत घेऊन जा म्हणून सांगायला बसले होते.

माय माझ्याजवळ आली. नजर वरून खाली माझ्या पोटावर गेली. माझा कोपर हलकेच धरून ती कानाशी म्हणाली, "हळू चाल वं बाई."

तिला तिथंच सांगायला हवं होतं. पण एका बाजूला आत्याबाई, दुसऱ्या बाजूला मामाजी रिक्षा ठरवताहेत, आणि तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. पुढं काय होणार ते लख्ख दिसत होतं. भर हॉटेलात माय गाठोडं सोडणार, आत्याबाई विचारणार, हे काय? आणि मग मामाजी त्यांचं ते इज्जतीचं बोलणं काढणार. गाठोडं सुटायच्या आत मायला गाठायचं, एवढंच एक सुचत होतं. रिक्षात माझे दात वाजत होते. आत्याबाई म्हणाल्या, "उन्हात थंडी वाजून राह्यली का तुले?"

हॉटेलचा एसी हॉल जिना चढून वर होता. काचेच्या दाराशी बाबांनी चपला काढल्या. अन्नाच्या जागी चपला घालून जायचं त्यांच्या कल्पनेतही नव्हतं. दारावरचा वॉचमन तेलुगूत म्हणाला, "चेप्पुलु वेस्कोंडी." चपला घाला म्हणत होता बिचारा. बाबांनी त्याला नमस्कार केला आणि अनवाणीच आत गेले.

आत अंधार. भर दुपारी दारं-पडदे लावून, तांबड्या दिव्याखाली माणसं जेवत होती. आपण काय खातो ते दिसू नये अशी सोय कशाला करतात, देव जाणे. भिंतीला आरसे, टेबलावर काचेच्या ग्लासात फुलासारखे खोचलेले कागदी रुमाल, आणि कुठूनतरी बारीक आवाजात वाजणारं गाणं. माझ्या घामेजल्या पाठीला तो गार वारा लागला. मायनं व्याह्यांसमोर पदर पुढं ओढला, कोचाच्या अगदी टोकाला टेकली आणि गाठोडं मांडीवर घेतलं. मी तिच्या शेजारी. समोर आत्याबाई, मामाजी आणि त्यांच्यासमोर बाबा. आमचे हे मेनूकार्डात असं डोकं घालून बसले होते, की जणू त्यावर उद्या परीक्षा आहे.

मामाजींना शुद्ध बोलायची हौस, हॉटेलात तर जास्तच. "आपण निवांत जेवूया," ते म्हणाले. "मग थोडं बोलायचंही आहे."

"बोला ना भाऊ," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, काय बोलायचं ते त्यांना माहीत आहे. त्या अंधारातही त्यांचा चेहरा उजळलेला दिसत होता. तो चेहरा मला बघवेना.

आधी टोमॅटोचं सूप आलं. बाबांनी वाटी पाहिली, वास घेतला आणि बाजूला ठेवली. पाण्याच्या ग्लासालाही हात लावला नाही. "पहिले भाकरीचा घास घेतो," म्हणाले. "बाकी मंग." म्हणजे रोटी येईपर्यंत मला वेळ होता.

आत्याबाईंची नजर गाठोड्यावर गेली. "काय आणलं एवढं बांधून?"

माय पदराआड हसली. "मंग दाखवतो ताई."

मी टेबलाखालून मायच्या पायावर पाय दाबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी दाराकडं खुणावलं. तिनं माझं पांढरंफटक तोंड पाहिलं, सूपाकडं पाहिलं, आणि तिला जे कळायचं ते कळलं. कांद्याच्या बशीतली लिंबाची फोड तिनं हळूच माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "मळमळून राह्यलं का वं? चोख थोडी."

बारीक आवाजात म्हणाली, पण आत्याबाईंचे कान. त्यांचा चमचा सूपात थांबला. त्या माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मला वाटलं, आता संपलं सगळं.

"हात धुऊन येते," मी म्हणाले आणि उठले. "माय, तूही चाल."

"मी स्टँडवर धुतले ना."

"चाल वं माय!" माझा आवाज एवढा चढला, की पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं. चार लोकांत कोणी आवाज चढवत नाही म्हणे! माय उठली. गाठोडं तिनं बरोबरच घेतलं, नशीब माझं.

बेसिन एका पडद्यामागं होतं. मी नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"माय, तसं काई नाई."

"तसं मंजे?"

"दिवस नाई गेले माले."

ती आरशातून माझ्याकडं बघत राहिली. मग फार हळू म्हणाली, "मंग जेवाले काऊन बलावलं?"

आता मागं फिरता येत नव्हतं. "सांगाले. माले घेऊन जा मनून सांगाले. दुसरी पाहून राह्यले ते."

माय एकदम ओरडेल, रडेल, त्या लोकांना शिव्या घालेल असं वाटलं होतं. यातलं काहीच झालं नाही. तिनं नळ बंद केला. गाठोड्यातून वर आलेली नारळाची शेंडी बोटानं आत दाबली. मग तिचा चेहरा एकदम बदलला. "तुह्या बापानं घास घेतला असन वं!" म्हणाली, आणि जी बाई व्याह्यांसमोर मान वर करत नव्हती ती पदर सावरत हॉलातून तरातरा चालायला लागली. मी तिच्यामागं.

रोटी आली होती. पनीरची भाजी, डाळ, जिरा राइस, सगळं मांडलं होतं. बाबांचे ताटाकडं हात जोडून झाले होते आणि रोटीचा बारका तुकडा त्यांनी देवाच्या नावानं कागदी रुमालावर काढून ठेवला होता. पहिला घास त्यांच्या हातात होता. मामाजी सांगत होते, "...विषय जरा नाजूक आहे व्याहीबुवा, पण आपण समजून घ्याल."

माय टेबलाशी उभी राहिली. तोंडानं काही बोलणं शक्यच नव्हतं. तिनं बाबांकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही. एवढीशी हलवली, पण बाबांना कळली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिनं आवळून धरलेल्या गाठोड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हात तोंडाजवळ तसाच थांबला होता.

तेवढ्या वेळात मी किती भ्याले ते मला सांगता येत नाही. घास खाली ठेवला असता तर मामाजींनी विचारलंच असतं, काय झालं? आणि मग बोलावणं काय समजून ते आले, गाठोड्यात काय आहे, सगळं त्या टेबलावर उघडं पडलं असतं. आणि घास खाल्ला, तर उभ्या जन्मात न मोडलेली रीत मोडणार होती; हॉटेलातलं असलं तरी अन्न लेकीच्या घरचंच. भर उन्हात तहानेनं चहावाल्याकडं चालत जाणारा माणूस तो. मला वाटलं, ठेवतील. ठेवायलाच पाहिजे. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा बाबा चावत होते. सावकाश चावून त्यांनी घास गिळला आणि दुसरा मोडला. "बसा ना," ते मायला म्हणाले. "अन्न थंड होऊन राह्यलं. जेवून घ्या."

माय बसली. पदराआडून तिनंही रोटीचा तुकडा तोंडात घातला. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण तेवढ्यापुरता तो अंधार आमच्या कामी आला. मी नुसती रोटी कुसकरत होते. बाबा मात्र जेवले. पनीर त्यांना आवडलं नसणार, चिवट लागलं असणार, पण त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, वाढप्याला बोलावून आणखी रोटी मागितली, डाळ मागितली. ह्यांनी सगळ्या जेवणात एकच वाक्य उच्चारलं, "बाबांना ताक मागवू का?" बाबा म्हणाले, "मागवा." ताक प्यायले. मग तो पाण्याचा ग्लास उचलला, माझ्याकडं पाहिलं आणि गटागटा रिकामा केला.

मामाजींनी रुमालानं तोंड पुसलं. "तर व्याहीबुवा, बोलायचं असं होतं की..."

आलं ते. मी मायचा हात धरला.

"भाऊ, पहिले माहं ऐका," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. उलट रोजच्यापेक्षा हळू बोलले. "आमी लेकीच्या घरचं खात नसतो, नातवाची खबर येयेपरेंत. तुमाले माहीत हाये. तुमी हासत होते माह्यावर."

"अहो, तो गमतीचा भाग..."

"आज मी तुमचं अन्न खाल्लं. खबर नाई आली तरी खाल्लं. पानी बी पेलो." ते थांबले. फेट्याखालून घाम आला होता, एवढ्या गारठ्यात. "आता खबर येवो का न येवो. आमच्याकडून काई अडून राह्यलं नाई. लेक तुमच्या घरची हाये, अन् मी तिच्या घरी जेवाले येत जाईन. हे सांगाचं होतं. आता तुमचं बोला."

बाबा अजूनही घाबरलेलेच होते, हे मला त्यांच्या ताटावरच्या बोटांवरून कळत होतं. ती थरथरत होती. आजवर मला वाटायचं, भित्रेपणा मी मायकडून उचलला. तसं नव्हतं.

मामाजी पाणी प्यायले. आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाई माझ्या बाबांच्या ताटाकडं बघत होत्या, ते चाटूनपुसून स्वच्छ केलेलं होतं. मी कपाळावर काय लिहून येतं त्याची वाट बघत बसले.

"मी म्हणत होतो," मामाजी शेवटी म्हणाले, आणि त्यांची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली, "यंदा कापूस कोणाले घालसान? इथल्या मार्केटले भाव बरा हाये मनतेत."

"पाहू ना," बाबा म्हणाले.

वाढपी बडीशेप घेऊन आला. आम्ही उठायला लागलो तेव्हा आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, "अन् गाठोडं? दाखवतो मनल्या होत्या."

मी मायला नको म्हणून खुणावलं. मायनं मात्र पदर मागं सारला, पहिल्यांदाच. गाठोडं टेबलावर ठेवून गाठ सोडली. हिरवा खण, नारळ, गहू, हळकुंड-सुपारी, सगळं त्या तांबड्या दिव्यात मांडलं. "लेकीची ओटी भराची होती," ती म्हणाली. "लेक हाये, केव्हाबी भरता येते." आणि त्या एसी हॉलात, वाढपी ताटं उचलत असताना, तिनं माझी ओटी भरली. गव्हाचे दाणे फरशीवर सांडले, ते आत्याबाईंनी वाकून वेचले आणि माझ्या पदरात टाकले.

घरी आल्यावरही कित्येक दिवस माझी भीती गेली नाही. मामाजी खाकरले तरी मला वाटे, आता काढतील विषय. त्यांनी तो काढला नाही. पुढं निर्मलच्या त्या मुलीचं कुठंतरी लग्न झाल्याचं कळलं. आम्हाला मूल काही झालं नाही.

त्या हॉटेलानंतरच्या बाजाराच्या दिवशी बाबा आले. ज्वारीचं पोतं पायरीशी टेकवलं. मी आतून बघत होते. ते सवयीनं पायरीवर बसायला वाकले, मग सरळ झाले, चपला काढल्या आणि दुकानातून आत स्वयंपाकघरापर्यंत आले. भिंतीला टेकून बसले. घाबरल्यासारखे इकडंतिकडं बघितलं.

"वाढ वं बाई," म्हणाले.

मी भाकरी-पिठलं वाढलं. घाईत पिठलं ताटाबाहेर सांडलं. बाबांनी देवाचा घास काढला आणि खाली मान घालून जेवायला लागले. चुलीशी आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकर उलथली आणि तिथूनच म्हणाल्या, "अजून एक वाढ तुह्या बापाले. गरम हाये."